चार माणसांचं ओसाड घर

आमचं घर ओसाड आहे ही बातमी आम्हाला पेपरातून कळली. तोपर्यंत आम्ही त्यात राहत होतो.

खरं तर पेपर आमच्या गावात येत नाही. तामसीकडून जी बस येते ती माणसंच जेमतेम आणते. बातमी आली ती मोबाइलवर. इचोड्याच्या नागनाथरावांनी माझ्या मोठ्या भावाला, राजकुमारदादाला, पेपरच्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हे तुमचंच ना?"

नागनाथराव इचोड्यात कापसाची खरेदी करतात. हायवेला लागून दुकान आहे. त्यांची मुलगी भाग्यलक्ष्मी तिथल्याच एका शाळेत शिकवते, आणि तिचं दादाशी जमत आलं होतं. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा मोठी माणसं म्हणाली, तुमाला एकमेकांना काही विचारायचं असंल तं विचारा. दादानं पुष्कळ विचार केला आणि विचारलं, "तुमच्याकडं नळ कोणत्या टायमाला येते?" ती म्हणाली, सकाळी. एवढंच बोलणं झालं. तरीही तिनं होकार दिला. का दिला, हे आमच्या घरात अजून कोणाला कळलेलं नाही.

दादा माणूस चांगला आहे. शेती पाहतो, ट्रॅक्टर उघडतो आणि परत जोडतोही. फक्त बोलत नाही. एखादी गोष्ट त्याला आवडली की नाही हे त्याच्याकडे पाहून कळत नाही, दोन्ही वेळा तो सारखाच दिसतो. पण इचोड्याहून आल्यापासून तो मोबाइल पूर्ण चार्ज करून ठेवायला लागला होता. त्यावरून आम्ही काय ते समजलो. आता फक्त मुलीकडच्यांनी घर पाहायला यायचं बाकी होतं. घर पाहिलं की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा.

तर पेपरातला फोटो. रविवारच्या पुरवणीचं अर्धं पान, काळंपांढरं. आमची समोरची खोली. तीन पायांची प्लास्टिकची खुर्ची. भिंतीवर कुठल्या तरी मागच्या वर्षाचं कॅलेंडर. बंद घड्याळ. आणि घड्याळाशेजारी, फ्रेममध्ये, माझे वडील लक्ष्मणराव, ऐन जवानीतले, कृषी प्रदर्शनात ज्वारीचं कणीस धरून उभे. वर मोठ्या अक्षरात मथळा होता, "जिथे कोणीच परतले नाही." खाली लिहिलं होतं की हे आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका ओसाड गावातलं घर असून भिंतीवर एक अज्ञात चेहरा मागे राहिला आहे. छायाचित्र, गंधार.

आईनं फोटो दोनदा पाहिला. "कोणीच परतले नाही म्हंजे काय? संध्याकाळी सगळे आले होते. मी तं सरपण घेऊन आली."

मी तिला समजावलं की कलेत असं असतं. तिला ते पटलं नाही, आणि मलाही ते फारसं माहीत नव्हतं. फोटोतली प्रत्येक गोष्ट खरी होती, पण सगळ्या मिळून खोट्या झाल्या होत्या. कॅलेंडर जुनं होतं कारण त्यावर बासरची सरस्वती आहे. वर्ष संपलं म्हणून देवी कोण उतरवतो? घड्याळ बंद होतं कारण टिकटिक चालू असली की दादाला झोप लागत नाही. खुर्चीला तीनच पाय आहेत हेही खरं, पण चौथ्याच्या जागी वीट असते. फोटोत वीट नव्हती.

अज्ञात चेहऱ्यानं स्वतःकडे बराच वेळ पाहिलं. "चेहरा चांगला आला," बाबा म्हणाले.

तेवढ्यात नागनाथरावांचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला. ते नेहमीच लावतात, त्यांना फोन कानाला गरम लागतो.

"लक्ष्मणराव, तुमी राहता कुठं?"

"घरी."

"कोणत्या?"

बाबांनी आमच्याकडे पाहिलं. "आमच्या."

"मंग हे पेपरातलं कोणाचं?"

"ते बी आमचंच."

"मंग पेपरवाले ओसाड काऊन म्हणून राह्यले?"

बाबा म्हणाले, "त्यायचं बी काही म्हणणं असंल."

पलीकडे बराच वेळ ट्रक जाण्याचे आवाज आले. मग नागनाथराव म्हणाले, "हे पाहा, बाजारात लोकं मला विचारून राह्यले का तुमी पोरगी खंडारात देऊन राह्यले का. मी रविवारी संध्याकाळी घर पाह्यला येतो. माणसं दिसली तं पुढचं बोलू. नाई दिसली तं इथंच थांबू. राग मानू नका."

"नाई नाई," बाबा म्हणाले. "तुमचं बरोबरच हाय."

भाग्यलक्ष्मीनंही दादाला मेसेज केला होता. "तुम्ही नक्की कुठे राहता?" दादा गोठ्यात जाऊन उत्तर टाइप करत बसला. तासभर तरी बसला असेल. मी मागून जाऊन पाहिलं. सगळं पुसून त्यानं शेवटी अंगठा पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बकऱ्या होत्या. आमच्या नाहीत, शेजारच्या धोंडीबाकाकांच्या. काका दावी बांधत होते.

"काका, इथं काऊन बांधता?"

"मोकळं हाय म्हणे ना आता."

"आमी इथंच हाओत ना काका. मी तुमच्यासमोर उभा हाय."

"ते मला दिसते," काका म्हणाले. "पण पेपर खोटं लिहीन काऊन?"

हे काका माझ्या जन्माच्या आधीपासून आमचे शेजारी आहेत. माझं नाव गोपाल त्यांनीच सुचवलं होतं. मी घरात येऊन आरशात पाहिलं. कोणी तरी दिसत होतं.

त्या दिवशी जेवताना आईनं विटेचा विषय काढला. वीट गेली कुठं होती? खुर्चीवर आजवर कोणी विटेशिवाय बसलेलं नाही, आणि बसलं ते पडलं. बाबा भाकरी कुस्करत राहिले. बाबा भाकरी फार कुस्करायला लागले की समजायचं.

"एक पोरगं आलं होतं," ते शेवटी म्हणाले. "कापूस वेचणीच्या टायमाला. तुमी सगळे वावरात होते, माझी पाठ धरली होती म्हून मी घरी. एवढ्या उन्हात पायी आलं बिचारं, पाठीवर ही मोठी बॅग. दारात उभं राहून म्हणते, काका, इथं कोणी राहत नाही ना?"

"मंग?"

"मी म्हटलं, नाही."

आईनं वरणाचं भांडं खाली ठेवलं. "काऊन?"

"त्याचं तोंड असं झालं होतं का, राहतो म्हटलं असतं तं रडलं असतं."

हे ऐकून आम्हाला धक्का बसायला हवा होता, पण बसला नाही. पाहुण्याला खोटं पाडू नये, हा बाबांचा धर्म आहे. तामसीचा एक खतवाला त्यांना कित्येक वर्षं बाबाराव म्हणतोय आणि बाबा ओ देतायत. एकदा बसच्या कंडक्टरनं "निर्मल ना?" असं म्हणून तिकीट फाडलं, तेव्हा ते निर्मलला जाऊन आले. काम आदिलाबादला होतं.

"आणि वीट?" आईनं विचारलं.

"तो म्हणे वीट नसती तं बरं झालं असतं. म्हून मी सरकवली. खाट बी मीच बाहेर नेली." बाबांनी भाकरीचा आणखी एक तुकडा कुस्करला. "खाटेवर मी बसेल होतो ना."

म्हणजे आमचं घर ओसाड करायला बाबांनीच हातभार लावला होता. आईनं त्या दिवशी त्यांना ताक दिलं नाही.

त्या पोराचा, म्हणजे गंधारचा, नंबर बाबांकडे होता. मी आणि दादा बाइकवर आदिलाबादला गेलो. गंधार माझ्याएवढाच निघाला. त्याच्या घरची मंडळी फार पूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेली. वडील विठ्ठलराव बँकेत अधिकारी, भाषा अशी की प्रत्येक वाक्याला इस्त्री केलेली. गंधारच्या खोलीत भिंतभर फोटो होते. बंद जिनिंग मिल, छप्पर गेलेलं टॉकीज, गवत उगवलेले रेल्वेचे क्वार्टर. एकाही फोटोत माणूस नव्हता.

"आमच्याच घराचा एक काढ म्हटलं तर म्हणतो, इथे फार माणसं आहेत," विठ्ठलराव म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.

मी गंधारला सगळं सांगितलं. दादा शेजारी बसला होता. तो सगळं ऐकत होता, हे मला माहीत होतं म्हणून सांगतो. बघणाऱ्याला कळलं नसतं.

गंधार पांढरा पडला. "पण तुमचे बाबा म्हणाले होते कोणी राहत नाही."

"ते राहतात तिथं."

"मग ते कोण होते?"

"अज्ञात चेहरा."

त्यानं डोकं धरलं. आम्ही म्हटलं, फार काही नको, पेपरात दोन ओळी छापून आण की या घरात माणसं आहेत. तो म्हणाला, ते जमणार नाही. हाच फोटो हैदराबादच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला होता. प्रदर्शन फक्त रिकाम्या जागांचं. ते भरवणाऱ्या दामिनी मॅडम प्रत्येक जागा स्वतः येऊन पाहतात, मग तिच्यावर लिहितात. आणि त्या आमच्याकडे येणार होत्या रविवारी सकाळी.

"मी घरांचे फोटो काढत नाही रे," तो म्हणाला. "मी गैरहजेरीचे काढतो. हे प्रदर्शन गेलं तर बाबा मला बँकेच्या परीक्षेला बसवतील."

मी दादाकडे पाहिलं. दादानं कपातला चहा संपवला. मग उठला. म्हणजे निघायचं होतं.

गंधार मात्र ऐकणारा नव्हता. संध्याकाळी तो बसनं आमच्या घरी हजर. सरळ बाबांच्या पाया पडला. मी आईला म्हटलं, झालं. आपल्या घरी येऊन, पाणी पिऊन, पाया पडून कोणी काही मागितलं की बाबांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

"सकाळी एक तास फक्त," गंधार म्हणाला. "मॅडम बघतील आणि जातील. तुमचे पाहुणे तर संध्याकाळी येणार."

"मी रविवारसाठी घर सारवून ठेवलं," आई म्हणाली. "चुना मारला. आता काय करू?"

"काकू, थोडी धूळ टाकावी लागेल."

आई उठून आत गेली. आम्हाला वाटलं आता काही खरं नाही. पण बाबांनी गंधारला घर रिकामं ठेवायचा शब्द दिला आणि तिच्यामागे गेले, बराच वेळ कुजबुज झाली, आणि रविवारी पहाटे आई अंगणात बसून चाळणीनं माती चाळताना दिसली.

"हे काय करून राह्यली?"

"घरात टाकायची हाय ना," ती म्हणाली. "खडे नको."

आईला एखादं काम पटलेलं नसलं तरी ते वाईट केलेलं चालत नाही. गंधारनं कापसाचे धागे ओढून कोपऱ्यात जाळी लावली होती, ती तिनं काढायला लावली. "कोळी असं करते का? कोपरा धरून करते." मग स्वतः केली. चुना मारलेल्या भिंतीवर दादानं ट्रॅक्टरचं काळं तेल पुसलं. मी खुर्चीखालची वीट काढली. सकाळचं ऊन खोलीत आलं तेव्हा मला स्वतःला दारातून आत जाताना संकोच वाटला. इथं कोण राहत असेल, असं माझ्या मनात आलं. मग आठवलं.

गंधार मॅडमना आणायला गेला आणि ठरल्याप्रमाणे आम्ही चौघं तुरीत जाऊन बसलो. पाहुण्यांचे कपडे आधीच घातले होते, म्हणजे संध्याकाळी धावपळ नको. बाबा धोतर वर धरून, आई इरकलीत, दादा इस्त्रीच्या शर्टात. तुरीच्या शेंगा खात बसलो. मॅडम काही येईनात. नंतर कळलं की त्या हैदराबादहून येताना इचोड्यात थांबल्या होत्या. रविवार म्हणून तिथली निम्मी दुकानं बंद होती, आणि प्रत्येक बंद शटरपुढे त्या गाडी थांबवून हळहळत होत्या.

दुपार झाली. आईला संध्याकाळच्या पोह्यांची काळजी लागली. येत नाही आता कोणी, म्हणत आम्ही घरी आलो. आईनं कांदा चिरला, फोडणी घातली, पोहे टाकले, आणि गंधारचा फोन आला. "आलो. गल्लीत वळतोय."

आमच्या घराला पुढचंच दार आहे. मागं धोंडीबाकाकांचं कुंपण. गल्लीत गाडीचा आवाज. आईनं चुलीवरची कढई तशीच पाटीखाली झाकली आणि आम्ही चौघं समोरच्या खोलीला लागून असलेल्या कापसाच्या खोलीत शिरलो.

यंदा भाव पडलेला म्हणून बाबांनी कापूस विकला नव्हता. खोली आढ्यापर्यंत भरलेली. ज्यानं कधी कापसात शिरून पाहिलं नाही त्याला सांगतो, दिसतो मऊ, पण आत भयंकर गरम होतं आणि नाकात तंतू जातात. दादा दाराच्या बाजूला, त्याच्यामागे बाबा, मग आई, मग मी, पार भिंतीला. मला एक फट होती. तिच्यातून दाराची चौकट आणि समोरच्या खोलीचा तुकडा दिसत होता.

दामिनी मॅडम आत आल्या. काळी साडी, काळा चष्मा, चष्मा काढून हातात घेतला. एक लांब श्वास घेतला. मग म्हणाल्या, "गंधार, इथल्या शांततेला वास आहे."

"हो मॅडम."

"कांद्याचा आहे का?"

गंधारनं भिंतीकडे पाहिलं. "भिंतींना आठवण असते, मॅडम."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. आईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. का ते मला कळलं नाही. बहुधा जवळ मीच होतो.

तेवढ्यात बाहेर ऑटो थांबला.

नागनाथराव संध्याकाळी येणार होते. पण रविवारी संध्याकाळी राहुकाळ असतो हे त्यांना सकाळी कॅलेंडरात दिसलं, आणि राहुकाळात कोणी जावयाचं घर पाहत नाही. म्हणून ते दुपारीच निघाले. सोबत भाग्यलक्ष्मी होती. ती येणार आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

"लक्ष्मणराव हाय का?" नागनाथरावांनी अंगणातून हाक मारली.

कापसात बाबांनी ओ द्यायला श्वास घेतलेला मला ऐकू आला. मग त्यांना गंधारला दिलेला शब्द आठवला असावा. त्यांनी तो तसाच सोडला.

"लक्ष्मणराव?"

"इथे कोणी राहत नाही," मॅडम दारात येऊन शांतपणे म्हणाल्या. "वर्षं झाली असतील."

नागनाथरावांनी बकऱ्यांकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. "कोण म्हणते?"

"ह्यांनी अभ्यास केलाय. हे छायाचित्रकार."

सगळे गंधारकडे पाहू लागले. गंधार म्हणाला, "तसं पाहायला गेलं तर," आणि तिथंच थांबला.

नागनाथराव आत आले. त्यांनी धुळीवरून बोट फिरवलं. कोपऱ्यातलं जाळं पाहिलं. भिंतीवरचा काळा डाग पाहिला. त्यांचा चेहरा उतरत गेला. "खरंच ओसाड हाय," ते हळूच म्हणाले. "मी उगाच पेपरवाल्याले शिव्या देल्ल्या."

भाग्यलक्ष्मी मात्र खोलीभर फिरत होती. तिनं कोपऱ्यातल्या माठावरचं झाकण काढलं. "बाई, ओसाड घरात पाणी कोण भरून ठेवते?"

मॅडमनी विचार केला. "काळ."

"तुमच्याकडं काळ भरते का? आमच्याकडं तं मलाच भरावं लागते."

मॅडम हसल्या, पण मोठ्या माणसांसारख्या. "तुम्हाला इथे माणसं दिसतायत का?"

भाग्यलक्ष्मीनं इकडेतिकडे पाहिलं. खोलीत नाही, गोठ्यात नाही, अंगणात नाही. तिनं मोबाइल काढला आणि काही तरी टाइप केलं. कापसात, माझ्यापासून तीन माणसं पुढे, एक बारीक थरथर झाली. दादानं मोबाइलचा आवाज बंद केला होता, पण थरथर त्याला बंद करता आली नव्हती. हात वर काढायला जागा नव्हती. मला अंधारात दिसत नव्हतं, पण मी पैज लावून सांगतो की तो शंभर टक्के चार्ज होता.

ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली. उत्तर येत नाही म्हटल्यावर तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला. चेन लावल्याचा आवाज आला. "चला बाबा," ती म्हणाली. एवढंच. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"चाल," नागनाथराव म्हणाले.

ते दाराकडे वळले, आणि वळताना त्यांना कापसाची खोली दिसली. आता आयुष्यभर कापूस घेतलेला माणूस. त्याच्या मुलीचं लग्न मोडत असलं तरी कापसाच्या ढिगापुढून तो हात न घालता जाऊ शकत नाही. ओल किती आहे ते बघायला व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतात. नागनाथरावांनी बाही वर केली आणि हात घातला.

"ओल हाय," ते म्हणाले.

मग थोडं थांबून, "लय हाय."

मग आणखी थांबून त्यांचा चेहरा असा झाला जसा मी कोणाचाच पाहिला नव्हता. "भाग्या," ते म्हणाले, "मालात बोटं हाय."

आतून मला बाबांची कुजबुज ऐकू आली, "सोड, राजा, सोड." कारण आता नागनाथराव हात ओढून घेत होते आणि हात येत नव्हता. दादानं धरला होता. सोडला असता तर ते बाहेर पळाले असते, इचोड्यापर्यंत सगळ्यांना सांगत गेले असते की घर तं ओसाड हायच, वरून भुताचं बी हाय, आणि विषय संपला असता. दादा आयुष्यात काहीच धरून बसलेला नाही. हे धरलं.

मग कापूस वरून ढासळला आणि दादा बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, भुवयांना, मिशीला, इस्त्रीच्या शर्टाला कापूस. नागनाथरावांचा हात अजून त्याच्या हातात.

"मामा," तो म्हणाला, "मी राजकुमार. मी इथं राहतो."

मॅडमनी वही छातीशी धरली होती. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "गंधार," त्या म्हणाल्या, "तू मला हे सांगितलंच नाहीस. हा प्रयोग आहे. घर स्वतःच्या माणसाला परत जन्म देतंय."

"नाही बाई," दादा म्हणाला. "आमी राहतो इथं. आमी गेलोच नाही कुठं. तुमचं चुकलं."

आत बाबांनी डोळे मिटून घेतले. आमच्या घरात, आमच्याच छताखाली, पाहुण्याला असं कोणी म्हटलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. छत कोसळेल म्हणून ते बहुतेक वाट पाहत होते. छत कोसळलं नाही. मग तेही कापूस झटकत बाहेर आले आणि मॅडमना आणि नागनाथरावांना, एका पाठोपाठ एक, नमस्कार केला. त्यांच्यामागून आई निघाली आणि कोणाशी न बोलता सरळ चुलीकडे गेली, कारण पोहे लागले असणार.

गंधार मॅडमना बाजूला घेऊन काही तरी समजावू लागला. मॅडम म्हणत होत्या, "म्हणजे हे जे राहतात, ते नसल्यासारखे राहतात का?" गंधार म्हणत होता, "नाही मॅडम, ते राहतातच." हे त्यांचं दोन-तीनदा झालं.

भाग्यलक्ष्मी जागची हलली नव्हती. ती दादाकडे पाहत होती.

"एवढा वेळ आत होते?"

दादानं मान हलवली.

"माझा मेसेज आला?"

पुन्हा मान.

"मंग काऊन नाही बोलले?"

आता दादा गप्प बसणार, हे मला माहीत होतं. मी आतून मनातल्या मनात त्याच्यासाठी दोन-तीन उत्तरं तयारही केली.

"बाबांनी यायले शब्द देल्ला होता," दादा गंधारकडे बोट करून म्हणाला. "आमी इथं नाई म्हून."

"आणि आता?"

दादानं ओठावरचा कापूस काढला. "आता तुमी जाऊन राह्यले होते."

नागनाथराव आपला हात चोळत होते. मॅडमनी कॅमेरा काढला आणि दादाकडे रोखला, तशी भाग्यलक्ष्मी मध्ये येऊन उभी राहिली. "बाई, आता नको. आमी घर पाहून राह्यलो." आणि ती खरंच पाहायला लागली. स्वयंपाकघरात गेली, आईशी काही तरी बोलली, बाहेर येऊन गोठा पाहिला, कोणाच्या बकऱ्या म्हणून विचारलं. आईचा आवाज आला, "त्या आमच्या नाई. त्या पेपरच्या हाय."

पोहे झाले. लागले होते, पण कोणी म्हटलं नाही. नागनाथराव खाटेवर बसून खात होते आणि मधूनमधून कापसाच्या खोलीकडे बघत होते, अजून कोणी बाहेर यायचं असल्यासारखं. शेवटी ताटली खाली ठेवून त्यांनी बाबांना विचारलं, "मंग साक्षगंध कवा धरायचं? गुरुवारी चालते का?"

"चालते ना," बाबा लगेच म्हणाले. "काऊन नाई चालणार."

"काका, थांबा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "यायले विचारू द्या." आणि दादाकडे वळली. "तुमाले चालते का गुरुवार?"

बाबांनी दादाकडे पाहिलं. आई दारात येऊन उभी राहिली. दादानं खाली पाहिलं, वर पाहिलं, इतका वेळ घेतला की नागनाथरावांनी आणखी एक घास खाल्ला.

"गुरुवारी नाई जमत," दादा म्हणाला. "तिसरी वेचणी हाय. शुक्रवारी जमते."

"शुक्रवारच धरा मंग," ती म्हणाली.

बाबा काही तरी बोलायला गेले, बहुधा गुरुवारही वाईट नाही असं, पण आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते पोहे खाऊ लागले. मीही खाल्ले असते. पण माझं नाव अजून कोणी घेतलं नव्हतं, आणि सगळं इतकं चांगलं चाललेलं असताना घरात आणखी एक माणूस आहे असं एकदम सांगणं मला बरं वाटेना. मी आणखी थोडा वेळ कापसातच बसलो.